डाव्या पंखाचे टाके

रोह्यात स्टेशनकडून बाजाराकडे येताना, सायकल दुरुस्तीच्या टपरीला लागून निशिगंधाचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान कसलं, एक अरुंद गाळा. दोन मशिनं, एक आरसा आणि भिंतीला टेकवलेलं कापड बेतायचं टेबल. गिऱ्हाइकांची मात्र कधी तूट पडली नाही. बाजारात तिची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक, तिची शिलाई उसवत नाही. दुसरी, बाई भित्री आहे. पालीला भिते, विजेला भिते, अनोळखी नंबरवरून फोन आला तर आधी छातीला हात लावते आणि मग उचलते.

ती स्वतः म्हणायची, "मला भीती वाटते म्हणून तर मी प्रत्येक टाका दोनदा मारते. बेफिकीर माणसाचं शिवण बघा, सहा महिन्यांत उसवतं."

हा भित्रेपणा आईकडून आलेला. माहेर पेणजवळच्या गडबचं, घर हायवेच्या एका अंगाला आणि शेत दुसऱ्या. आई बायजा शेतावर जाताना निशिगंधा आणि धाकटा रितेश, दोघांचे हात घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि दोन्हीकडून एकही गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाऊल उचलायची नाही. कधीकधी पाव तास जायचा. बाप, सखा, पलीकडच्या बांधावर भाकरीची वाट बघत बसलेला असायचा. दहावीनंतर निशिगंधाने एसटीने पेणला जाऊन शिवणक्लास केला, आणि विसाव्या वर्षी लग्न होऊन रोह्याला आली. नवरा सुजय धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स फिटर. म्हणजे घाबरायला आणखी एक कारण झालं. शिफ्ट सुटल्यावर बस दहा मिनिटं उशिरा आली तरी ती रस्त्यावर येऊन उभी राहायची. सतरा वर्षं झाली, अजून राहते.

अशा बाईकडे गेल्या मे महिन्यात गोपाळ सर विमानाचे पंख शिवायला घेऊन आले.

सर रोह्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शाळेत गुप्ते आडनावाचे दोन शिक्षक होते, म्हणून ह्यांना सगळे नावानेच गोपाळ सर म्हणत. घराणं पूर्वीचं जमीनदारांचं. आता निडी स्टेशनजवळची एक बंद पडलेली भातगिरणी तेवढी उरलेली. त्या गिरणीत सर चार वर्षं काहीतरी करतायत, हे गावाला माहीत होतं. सुजयलाही त्यांनी नादाला लावलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो तिकडे जाऊन पाइप कापायचा, बोल्ट बसवायचा. पण ते काहीतरी म्हणजे ग्लायडर, बिनइंजिनचं एका माणसाचं विमान, हे निशिगंधाला त्या दिवशी कळलं. सरांनी टेबलावर पांढऱ्या कापडाचा तागा ठेवला आणि म्हणाले, "पंखाचा सांगाडा तयार आहे. त्याच्यावर कापडाची खोळ चढवायची आणि फासळी-फासळीला शिवून टाकायची. रोह्यात हे काम करणारा दुसरा हात नाही."

"पंख? कोन बसनार त्यात?"

"मी."

सरांचं वय बासष्ट. निशिगंधा दोन पावलं मागे सरली. "नाय सर. मला नाय जमायचं. ब्लाउज फाटला तर गिऱ्हाईक परत आणून देतं. हे फाटलं तर…"

सर रागावले नाहीत. स्टुलावर बसून ते तिला गोष्टी सांगू लागले. अमेरिकेतले सायकलच्या दुकानातले ते दोघे भाऊ पहिलं ग्लायडर उडवायला समुद्रकाठच्या एका खेड्यात गेले, तेव्हा पोस्ट सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे उतरले होते. पंखाचं कापड बेतायला आणि शिवायला त्यांनी त्या घरच्या बाईचं मशीन मागून घेतलं. मोसम संपल्यावर ग्लायडर तिथेच टाकून दोघे गेले, आणि त्या बाईने पंखांचं कापड सोडवून आपल्या दोन मुलींना झगे शिवले. "म्हणजे बघ," सर म्हणाले, "माणूस उडायला लागला तो शिलाई मशिनावरून. पहिल्या सगळ्या विमानांचे पंख कापडाचेच होते, आणि ते शिवायला बाया असायच्या. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत."

ह्या शेवटच्या वाक्याने ती अडकली. भीती गेली नाही, पण कापडाचा तागा तिने ठेवून घेतला.

जूनपासून ती आठवड्यातून दोन दुपारी मेमू लोकलने निडीला जाऊ लागली. गिरणीत खाली कोंड्याचा जुना वास आणि वर पत्र्यावर पाऊस. पंख दोन, प्रत्येकात चौदा फासळ्या, लाकडी पट्ट्यांच्या. लांब सुई वरून आत घालायची, खालून काढायची, फासळीला वेढा देऊन परत वर आणायची, गाठ मारायची. दोन बोटांवर दुसरी गाठ. दोरा खास मेण लावलेला, बंगळुरूहून कुरिअरने आलेला. हाताने तुटता तुटत नसे. तिची बोटं कापली, पण काम देखणं होत होतं. सर कधी भिंग घेऊन टाके बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. ते न बोलणं तिला फार आवडायचं.

गणपती आठ दिवसांवर आले तेव्हा दोरा संपला. सर बायकोला घेऊन पुण्याला मुलीकडे गेले होते. नवं रीळ यायला दहा दिवस लागणार होते. दुकानात ब्लाउजांचा ढीग, एकेक गिऱ्हाईक दिवसातून तीनदा फेरी मारतंय. आणि पंखाच्या काही फासळ्या तेवढ्या राहिलेल्या. निशिगंधाने पिशवीतलं घरचं सुती रीळ काढलं, दोरा चौपदरी केला, मेणबत्तीवरून ओढला आणि त्या फासळ्या शिवून टाकल्या. मनात म्हणाली, सणानंतर उसवून नीट करू. गणपती झाले, गौरी झाल्या. तिच्या सासूला डेंग्यू झाला, ती पंधरा दिवस दवाखान्यात होती. मधल्या काळात सरांनी आणि सुजयने कापडावर डोपचे हात मारले. डोप म्हणजे कापड ताणून ढोलकीच्या चामड्यासारखं कडक करणारं रोगण. त्याखाली टाके झाकले गेले, आणि निशिगंधाच्या डोक्यातूनही ते पुसले गेले.

आठवण झाली ती नोव्हेंबरात. भातकापणी उरकली होती. उड्डाणासाठी रितेशने गडबची दोन खाचरं ह्या वर्षी वाल न पेरता मोकळी ठेवली होती आणि मधला बांध फोडून सपाट केला होता. सुजय आणि निशिगंधा गिरणीत गेले होते, चहा चालला होता, आणि सर रंगात येऊन जुन्या लोकांबद्दल बोलत होते. जर्मनीतला तो माणूस, टेकडीवरून पंख लावून दोन हजार वेळा उतरलेला; एके दिवशी वाऱ्याने पंख उचलला, पन्नास फुटांवरून पडला, दुसऱ्या दिवशी गेला. मग पहिलं महायुद्ध. "एका जातीची विमानं होती," सर म्हणाले, "दिसायला सुंदर. पण वेगाने खाली सूर मारला की वरच्या पंखाचं कापड सोलून निघायचं. आधी एका जागी उचकटायचं. एकदा वारा आत शिरला की मग काय, केळीच्या पानासारखं फाटत जायचं."

निशिगंधाच्या हातून चहा बशीत सांडला. डोळ्यांपुढे घरचं सुती रीळ आलं.

"काय गो?" सुजयने विचारलं.

"काय नाय. चहा गरम हाय."

त्या दिवसापासून तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. रोज सकाळी दुकान उघडताना ती ठरवायची, आज सरांना फोन करायचा. दुपारी ठरवायची, उद्या. काय सांगणार होती? तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाने भिंग ठेवून आपल्यावर विश्वास टाकला, आणि आपण ब्लाउजाच्या दोऱ्याने त्याचा जीव बांधला? त्यातून सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की त्या फासळ्या कुठल्या हे तिला आठवत नव्हतं. दोन्ही पंख त्या दिवशी भिंतीला एकमेकांना लागून उभे होते. तीन होत्या बहुतेक. डाव्या पंखाच्या की उजव्या? टोकाच्या की मधल्या? मशिनीवर बसली की सुई वर-खाली होताना तिला पांढरं कापड उचकटताना दिसायचं. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या तिने एकाच बाजूच्या बेतल्या. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अशातच सुनीतीबाई दुकानात आल्या. सुनीतीबाई म्हणजे सरांच्या पत्नी, त्याही निवृत्त शिक्षिका, प्राथमिक शाळेतल्या. बोलणं मोजकं, साडी कडक इस्त्रीची. त्यांनी ब्लाउजपीस टेबलावर ठेवला, पण माप द्यायला हात उचलले नाहीत. दुकानातली दुसरी बाई जाईपर्यंत थांबल्या आणि मग दार अर्धं ओढून घेतलं.

"निशिगंधा, एक काम करशील माझं?"

"बोला ना बाई."

"ह्यांना सांग, की ते कापड टिकणार नाही. शिवण कच्ची आहे म्हणावं. ते माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. कारागिराचं ऐकतील." बाईंचा आवाज शांत होता, पण ब्लाउजपीसची घडी त्या पुन्हा पुन्हा घालत होत्या. "खोटं बोलायला सांगतेय, मला कळतं. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. पण मला रात्रंदिवस एकच दिसतं गं. ते खाली पडलेत आणि मी धावतेय."

निशिगंधाने गळ्यातली मापाची टेप काढून टेबलावर ठेवली. खोटं कुठे होतं त्यात! बाईंना तिथल्या तिथे सांगावं असं तिच्या ओठांवर आलं, आणि त्याच क्षणी तिला दुसरी भीती दिसली. आता आपण खरं सांगितलं तरी सर म्हणणार, हिला बायकोनेच पढवलंय.

"बघते बाई," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी सुजयची पहिली शिफ्ट होती. चारच्या सुमारास तो घरी आला, हातपाय धुतले, आणि निशिगंधा ओट्यापाशी नुसतीच उभी आहे हे त्याच्या लक्षात आलं. गॅस पेटवलेला, वर भांडं नाही.

"कुनी गेलं का गो?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. न रडता, भराभर, उलटी झाल्यासारखं. सुजय खाली बसला. तिला वाटलं, हा आता हात उचलणार. त्याने आजवर कधी उचलला नव्हता, तरी वाटलं.

"सात वर्षांमागं," तो म्हणाला, "मी एका पाइपलायनीच्या जोडातला गॅस्केट, ती गळती रोखायची चकती, जुनाच बसवला होता. नवा स्टोअरमधून आनायचा कंटाळा आला. घरी आलो, जेवलो, आनि घास उतरेना. तसाच उठून परत कंपनीत गेलो, सायबाला सांगितलं. सगळ्यांसमोर झापला मला. पण लाइन चालू व्हायच्या आधी गॅस्केट बदलला."

"मला कधी नाय बोललास."

"तू घाबरली असतीस." तो उठला. "चल. आत्ताच जाऊ."

मोटरसायकलवर निडीला जाताना ती त्याच्या पाठीला डोकं टेकून सरांना सांगायचं वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होती.

सर गिरणीत बसण्याच्या जागेचे पट्टे तपासत होते. तिने दारातूनच सांगून टाकलं, तीनएक फासळ्या घरच्या सुती दोऱ्याने शिवल्या आहेत. सरांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"सुनीतीने पाठवलं ना?"

"बाई आल्या होत्या सर, नाय म्हनत नाय. पण हे त्यांचं नाय. हे माझंच हाय."

"निशिगंधा, मी भिंगाने टाके बघितलेत."

"ते आधीचे. हे तुम्ही पुण्याला होतात तेव्हाचे. वरून मेण लावलंय, रंग सारखाच दिसतो. तुम्हाला काय, मला पण नाय ओळखू येनार."

"मग कुठल्या फासळ्या?"

"आठवत नाय."

सरांनी मान हलवली आणि पुन्हा पट्ट्यांकडे वळले. त्यांच्या मते विषय संपला होता. निशिगंधाला वाटलं, झालं, आता आपण सांगितलं, आपलं कर्तव्य संपलं, परत फिरावं. पाय फिरलेही. पण मग तिला ते केळीचं पान आठवलं. ती आत गेली, टेबलावरचं ब्लेड उचललं, आणि सर "अगं, अगं" म्हणेपर्यंत डाव्या पंखाच्या मागच्या कडेला पहिल्या फासळीच्या गाठीवर डोपने चिकटवलेली कापडी पट्टी खरवडून काढली.

"काय करतेस!"

"दोरा जाळून बघू सर. शिवणक्लासात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुमचा बंगळुरूचा दोरा वितळतो, त्याचा मणी होतो. सुती दोऱ्याची राख होते, कागद जळाल्याचा वास येतो. खोटं बोलत असेन तर तुमचं तुम्हालाच दिसेल."

गाठीचं एक टोक तिने चिमट्याने वर ओढलं, पाव इंच कापलं, आणि डोप चटकन पेट घेतं म्हणून सगळे पंखांपासून लांब, दाराबाहेर गेले. सुजयने काडी ओढली. दोरा आक्रसला, काळा मणी झाला. दुसरी फासळी, मणी. तिसरी, मणी. सर घड्याळाकडे बघू लागले. चौथी, पाचवी, सहावी, मणी. आता निशिगंधाला दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती, राख सापडेल ह्याची आणि सापडणार नाही ह्याचीही.

नवव्या फासळीचा दोरा भपकन पेटला. लालसर टोक सरसर मागे आलं आणि सुजयच्या बोटावर राखाडी चिमूट उरली. जळक्या कागदाचा वास आला.

सरांनी ती राख अंगठ्याने पुसून बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो निशिगंधाने पाहिला. चार वर्षांत ह्या माणसाला पहिल्यांदा भीती वाटली होती.

दहावी, राख. अकरावी, राख.

"तीन म्हणाली होतीस," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सापडल्या तिन्ही. बास."

"नाय सर. सगळ्या बघायच्या. मला तीन आठवतात, पण माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाय."

बारावी, तेरावी, मणी. चौदावी, म्हणजे पंखाच्या अगदी टोकाची, राख. तिला ती मुळीच आठवत नव्हती. मग तिने उजवा पंखही तपासला, अंधार पडेपर्यंत, चौदाच्या चौदा. तो स्वच्छ निघाला.

सर तिच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना फक्त म्हणाले, "अख्खा डावा पंख पुन्हा शिव. कापड आहे. दोरा मागवतो, येईपर्यंत सुई उचलायची नाही."

ह्या खेपेला सव्वा महिना लागला. प्रत्येक फासळी झाली की सुजय वहीत खूण करायचा, कंपनीत करतात तशी, आणि खाली तिची सही घ्यायचा. डोप सुकल्यावर, किती भार पेलतात ते बघायला, पंख उलटे ठेवून त्यांच्यावर वाळूची पोती रचली. सरांच्या वजनाच्या चौपट. एकेक पोतं चढताना लाकूड कुरकुरायचं आणि निशिगंधा भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. एक टाका सुटला नाही. सर तिच्याजवळ आले आणि पूर्वीसारखेच काही न बोलता पुढे गेले. आता तिला ते आवडलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी गडबच्या शेतावर ग्लायडर आणलं. दव पडलेलं, डोंगराकडची हवा गार. शेजारच्या खाचरांत वाल फुलावर आलेला. सुनीतीबाई शाल घट्ट लपेटून बांधावर बसल्या होत्या. घरी थांबायला त्यांनी नकार दिला होता. निशिगंधा त्यांच्यापासून थोडी दूर उभी राहिली. त्या दोघींमध्ये दुकानातल्या त्या दिवसानंतर बोलणं झालं नव्हतं. ठरलेलं असं होतं, की रितेशच्या पिकअपने दोरीने ओढायचं, आठ-दहा फुटांच्या वर जायचं नाही, आणि उतरायचं. "ही उडी आहे, उड्डाण नाही," सर पुन्हा पुन्हा म्हणत होते, बहुतेक स्वतःलाच.

पहिल्या खेपेला ग्लायडर गुडघाभर उचललं गेलं आणि टेकलं. दुसऱ्या खेपेला माणसाच्या डोक्याएवढं. कापड वाऱ्यात फडफडलं नाही, ताठ राहिलं, आणि त्याखाली सरांचे पाय अधांतरी दिसले. सुजय ओरडला, "गेलं! गेलं वर!" रितेश गाडीतून शिट्ट्या मारत होता. निशिगंधाने पदराचं टोक दातात धरलं होतं. तिला आनंद झाला का? कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिचे डोळे डाव्या पंखावर होते, नवव्या, दहाव्या, अकराव्या फासळीवर.

"आता बास करा," सुनीतीबाई उठून म्हणाल्या.

"एकच," सर म्हणाले.

तिसऱ्या खेपेला दोरी सुटली तेव्हा ते बारा-तेरा फुटांवर असतील. डोंगराकडून वाऱ्याचा एक झोत आला. फार मोठा नाही, निशिगंधाच्या कपाळावरचे केस उडवण्याइतका. उजवा पंख उचलला गेला. डावा खाली, आणखी खाली, त्याचं टोक बांधाला घासलं, ग्लायडर भोवऱ्यासारखं गर्रकन फिरलं आणि नाक मातीत रुतलं. कडकड आवाज आला. मग काहीच नाही.

सगळे धावले. निशिगंधा सगळ्यात आधी पोहोचली, कारण ती सगळ्यात जवळ होती. आणि पोहोचल्यावर तिने काय केलं? तिने डाव्या पंखाकडे बघितलं. लाकूड दोन जागी मोडलं होतं, पण कापड अखंड होतं, टाके जागच्या जागी, आणि मोडलेल्या फासळ्या त्या कापडाने धरून ठेवल्या होत्या. ती एक श्वास घेण्याएवढा वेळ तिथे थांबली. मग तिला सरांचं कण्हणं ऐकू आलं. तिने मान वळवली तेव्हा सुनीतीबाई समोर उभ्या होत्या, आणि त्यांनी पाहिलं होतं.

रितेशच्याच गाडीतून सरांना पेणच्या दवाखान्यात नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, डावा हात दोन ठिकाणी. डोक्याला मार नव्हता. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा दुपार झाली होती. निशिगंधा बाकावर बसली होती, पायांना शेतातली माती तशीच. सुनीतीबाई बाहेर आल्या.

"आधी कापड बघितलंस तू," त्या म्हणाल्या. "ते आत जिवंत आहेत की नाहीत, हे नंतर."

"बाई, मी…"

"मी तुझ्याकडे भीक मागितली होती. तू त्यांना सांगितलंस, पण दुरुस्त करून दिलंस. तू पंख नीट केलेस म्हणून ते चढले."

बाईंचं चूक होतं असं निशिगंधाला वाटेना. घरी येऊन तिने दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, कारण लग्नसराई होती. पण कुणी शिलाईची तारीफ केली की ती खाली मान घालून पुढचं कापड बेतायला घ्यायची. माणसाआधी टाका बघणारी बाई आपण कधीपासून झालो, ह्याची तिला आता भीती वाटू लागली होती, आणि ही भीती पालीसारखी झाडूने हाकलता येत नव्हती.

मार्चच्या शेवटी, उन्हं तापली असताना, सुनीतीबाई दुकानात आल्या. निशिगंधा मशिनीवरून उठली ती उभीच राहिली.

"बस गं," बाई म्हणाल्या आणि स्वतः स्टुलावर बसल्या. "त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही अजून. दुसऱ्या हाताने कागदावर रेघा मारायला सुरुवात केलीय. म्हणे बांधापासून लांबचं रान हवं, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला."

"परत?"

"परत."

बाहेर सायकलवाला टायर ठोकत होता. बाईंनी स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"तुला एक सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे आले होते ना नोव्हेंबरात, त्याच्या आदल्या दिवशी मी गिरणीत गेले होते. एकटी. पर्समध्ये कात्री घेऊन. वाटलं, दोन चिरा माराव्यात, म्हणजे त्यांना सगळं पुन्हा करावं लागेल, वर्ष जाईल. पंखापाशी उभी राहिले. मग मनात आलं, मी मारलेली चीर त्यांच्या नजरेतून सुटली आणि ते तसेच उडाले तर? पळत स्टेशनवर आले." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि दवाखान्यात तुलाच बोलले."

निशिगंधाने मटक्यातलं पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं.

"मी खरंच आधी टाका बघितला, बाई," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मला वाटलं, माझ्यामुळं झालं का, एवढंच बघू दे. मग बाकीचं."

बाईंनी पाणी संपवलं. "ह्या खेपेला शिवताना मी येणार आहे. मला शिकव. प्रत्येक गाठ मी बघणार."

"तुम्हाला भीती नाय वाटायची?"

"वाटणार ना."

"कधी उडनार म्हनतात?"

"भात कापून झालं की. जानेवारीत."

निशिगंधाने बोटांवर मोजलं. "म्हणजे अजून नऊ महिने घाबरायचं," ती म्हणाली, आणि सुनीतीबाईंना हसू आलं. ते तिथेच अडकलं, कारण हसताना त्यांचे डोळे भरून आले होते. निशिगंधाने दार अर्धं ओढून घेतलं आणि त्यांच्या शेजारी खाली बसली.